देवताळ्यांचा कान

खिडकीच्या चौकटीवर गंगाधरने पेचकसाच्या मुठीने टकटक केली आणि डावा तळहात लाकडावर दाबून धरला. लाकूड भरीव होतं. तळहाताला तसं कळलं. मग तो वाकून खालच्या कोपऱ्याकडे वळला. खिडकीला बाहेरून कूलर बसवलेला होता आणि त्याचं पाणी पाझरून चौकटीखालची भिंत काळी पडली होती. रायपूरच्या उन्हाळ्यात जमीन खोलवर कोरडी होते. तेव्हा वाळवी ओल शोधत घरात शिरते, आणि कूलरखालची भिंत तिला सगळ्यात आधी सापडते.

पद्मजाताई त्याच्या मागे, दाराजवळ उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. विचारलं एवढं त्याला कळलं, काय ते कळलं नाही.

"हव," तो म्हणाला. म्हणजे हो.

त्या आणखी काही बोलल्या. त्याने मान वळवली तेव्हा त्या हसत होत्या, म्हणून तोही हसला. खोलीत भिंतीला लागून एक मोठं सागवानी कपाट होतं. ते सरकवायला दोन माणसं लागली असती, आणि त्याचा जोडीदार दयाराम त्या दिवशी दुसरीकडे कामावर होता. कपाटाच्या दोन्ही बाजूंनी त्याने टॉर्च मारून पाहिला. वाळवी जिच्यातून चढते ती मातीची नळी कुठे दिसली नाही. टॉर्च विझवून तो स्वयंपाकघराकडे गेला.

समता कॉलनीतल्या या घरात तो दर चैत्रात यायचा. पद्मजाताईंचे यजमान अच्युतराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते होते तेव्हा गंगाधरच्या मागे मागे घरभर फिरायचे, प्रत्येक दाराशी थांबून "काय म्हणतं?" असं विचारायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा बंगलोरला. आता ताई एकट्याच असायच्या, तरी चहा दोन कप टाकायच्या आणि एक त्याला द्यायच्या. त्या दिवशीही दिला. सगळं ठीक आहे, घाबरण्यासारखं काही नाही, असं सांगून तो निघाला.

गंगाधर देवताळेचा बाप पुलगावहून रेल्वेत लागून रायपूरला आला. पोराला मात्र रेल्वेत काही लागता आलं नाही. भैय्यालाल साहूने धान्याच्या गोदामांत औषध मारायचं काम सुरू केलं तेव्हा गंगाधर त्याच्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली. भोपाळहून अधिकारी आले, त्यांच्यामागून ट्रक भरभरून फर्निचर आलं. जो तो घर बांधू लागला नाहीतर भाड्याने घेऊ लागला. भैय्यालालने शंकर नगरात खोली घेऊन ऑफिस थाटलं, टेबलावर काच टाकली, आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो गंगाधरकडे बोट दाखवून सांगू लागला, "इनके कान में दीमक बोलती है."

ते खोटं नव्हतं. वाळवी लाकूड आतून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. गंगाधर दाराला कान लावायचा, एकदा ठोकायचा आणि वाट बघायचा. ठोकल्यावर आतले किडे खवळतात. त्यांचा आवाज त्याला यायचा. दूर कुठेतरी कोणी कुरमुरे चावत बसलंय असा. मग तो पेचकसाचं टोक बरोबर तिथे टोचायचा आणि ते मुठीपर्यंत आत जायचं. गिऱ्हाईक तोंडावर हात ठेवायचं. "देवताळे का कान" हे शब्द ऑफिसात नेहमीचे झाले होते.

तो कान ड्रिल मशीनने नेला. वाळवी लागलेल्या घरात भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेत भोकं पाडायची, त्यांत औषध सोडायचं, पांढऱ्या सिमेंटने ती बुजवायची, असं ते काम. बंद खोल्यांतून, संगमरवरातून, वर्षानुवर्षं ते मशीन त्याच्या छातीशी किंचाळत राहिलं. आधी दाराची घंटी ऐकू येईनाशी झाली. मग बायांचे आणि लहान पोरांचे आवाज गेले. म्हणजे आवाज यायचे, शब्द यायचे नाहीत. पुरुषांचे जाड आवाज अजून कळत होते, म्हणून भैय्यालालशी त्याचं निभून जात होतं. आणि लाकडातला तो कुरमुऱ्यांचा आवाज कधी बंद झाला ते त्याला सांगताच आलं नसतं. एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की कितीतरी घरांत आपल्याला काहीच सापडलेलं नाही.

तेव्हापासून तो तळहाताने ऐकू लागला. पोकळ लाकूड ठोकल्यावर वेगळं थरथरतं, ते हाताला कळायचं. बऱ्याच वेळा ते बरोबर निघायचं. माणसांसाठी त्याच्याकडे "हव" होतं. कोणी काही विचारलं, की हव. छत्तीसगडात या एका शब्दावर पुष्कळ भागतं. समोरचा माणूस बहुतेक वेळा हवच ऐकायला बसलेला असतो.

त्याने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. कानावर नाव मिळवलेल्या माणसाने कान गेले म्हणून कोणाला सांगावं?

सरोजिनीलाही नाही. त्याची बायको दीड वर्षापासून पुण्यात होती. त्यांची एकुलती एक मुलगी अनुश्री तिथे नोकरी करत होती. तिला मुलगा झाला तेव्हा सरोजिनी तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. तीनाचे सहा झाले, मग अनुश्रीची रजा संपली आणि बाळाला पाळणाघरात ठेवायला कोणाचा जीव होईना. गंगाधर तात्यापारा वस्तीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा राहत होता. सकाळी पोळ्या लाटायचा, त्यातल्याच संध्याकाळी खायचा. रविवारी सरोजिनीचा फोन यायचा. तिचा आवाज त्याला कळायचा, म्हणजे ती बोलतेय हे कळायचं. वाक्य संपलं की आवाज खाली यायचा, तिथे तो हव म्हणायचा. कधी ती हसली असं वाटलं की हसायचा. आपण कशावर हसलो, हे त्याला माहीत नसायचं.

तो एकदा पुण्याला जाऊन आला तेव्हा, या चैत्रात येईन असं ती म्हणाली होती. त्याने चैत्र यायच्या आधीच खोल्यांना चुना मारून घेतला, तिच्या बाजूची मच्छरदाणी धुतली. चैत्र आला आणि गेला. ती आली नाही, आणि का आली नाही हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि ते त्याला ऐकू आलं नसतं. तिला यावंसं वाटत नसेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. पुण्यात नातू होता, लिफ्ट होती, गच्ची होती. इथे काय होतं?

आषाढात पद्मजाताईंचा ऑफिसात फोन आला.

त्यांचा मुलगा सुट्टीत आला होता, बरोबर नात. नातीला खेळायला काहीतरी हवं म्हणून मायलेकांनी मिळून मागच्या खोलीतलं ते सागवानी कपाट सरकवलं. कपाटामागे अच्युतरावांचा कॅरम भिंतीला टेकून उभा होता. वरून तो अगदी चांगला दिसत होता. जमिनीवर ठेवून नातीने सोंगट्या मांडल्या, आणि तिचं बोट फळीतून खाली गेलं.

भैय्यालालने गंगाधरला बोलावून टेबलाच्या काचेवर हात ठेवत समजावलं. दयारामला घेऊन जा, सगळ्या खोलीला नव्याने औषध मारून द्या, पैसे घेऊ नका. आणि विचारलंच तर, "बोल देना, बाद में लगी है. चैत में नहीं थी. बरसात में तो एक महीने में चढ़ जाती है." हे सांगताना तो रागावलेला नव्हता. धंद्यात हे सगळेच सांगतात, आणि कधी कधी ते खरंही असतं.

गंगाधर पोचला तेव्हा मुलगा आणि नात परत गेले होते. कॅरम व्हरांड्यात वर्तमानपत्रावर उपडा ठेवलेला होता. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने पेचकसाने मागचा पापुद्रा उचलला. आत फळी नव्हतीच. माती होती, थरावर थर, आणि खालचे थर वाळून दगडासारखे झालेले. एवढी माती एका पावसाळ्यात भरत नाही. त्याखाली मागच्या वर्षीची होती, कदाचित त्याच्याही आधीची. चैत्रात तो कपाटाच्या अलीकडे टॉर्च घेऊन उभा होता तेव्हा पलीकडे हे चाललेलं होतं.

पद्मजाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. दयाराम फाटकाजवळ मशीनची वायर सोडत होता. गंगाधर उठला. भैय्यालालने सांगितलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. त्याने ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नुसत्या बघत होत्या.

"ताई, हे जुनं हाय," तो म्हणाला. "मी आलो होतो ना, तवाबी होतं."

त्यांचे ओठ हलले. या वेळी त्या समोर होत्या, त्यामुळे शब्द थोडे ओठांवरून आणि थोडे कानांतून मिळून त्याला कळले. त्या म्हणत होत्या, मी तुम्हाला विचारलं होतं, कपाटामागचं बघितलंत ना. मागे ह्यांचा कॅरम आहे म्हणूनही सांगितलं. तुम्ही हव म्हणालात.

"तुमी काय विचारलं, ते मले ऐकूच नाई आलं," गंगाधर म्हणाला. "मी नुसतं हव म्हटलं. मले ऐकू येत नाई, ताई."

हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. ते किती मोठ्याने निघालं याचा त्याला अंदाज आला नाही. फाटकाजवळ दयारामने वायर सोडून मान वर केली, त्यावरून बरंच मोठ्याने निघालं असावं.

पद्मजाताईंनी खाली कॅरमकडे पाहिलं. रोज संध्याकाळी दिवा लागला की अच्युतराव आणि त्या त्यावर खेळत. पोरगा बंगलोरला गेल्यापासून तर एक दिवस चुकला नव्हता. अच्युतराव स्ट्रायकर मारताना मनगट टेकवायचे तिथली पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. त्या कधी कधी कपाटाच्या फटीत हात घालून ती जागा चाचपून बघायच्या. हे त्यांनी त्याला नंतर सांगितलं. त्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, 'परत सांगा' एवढंच म्हणायचं होतंत. दोन शब्द."

तो पेचकसाला लागलेली माती पुसत राहिला.

त्या वळून आत गेल्या, आणि जाता जाता पाठमोऱ्याच काही बोलल्या. तो व्हरांड्यात उभाच राहिला. आता फाटकाबाहेर जाऊन उभं राहावं की काम सुरू करावं, त्याला कळेना. थोड्या वेळाने त्या परत आल्या, त्याच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मी म्हटलं, आत या."

आत त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दुसरी खुर्ची ओढून उजेडाकडे तोंड करून बसल्या. कधीपासून, डॉक्टरला दाखवलं का, ऑफिसात माहीत आहे का, असं त्या विचारत गेल्या आणि तो नाही, नाही म्हणत गेला. घरी तरी माहीत असेल, असं त्यांनी विचारलं तेव्हाही तो नाही म्हणाला. मग घरी कोण आहे ते सांगितलं. पुण्याचं सांगितलं, रविवारचे फोन सांगितले. चैत्राचंही सांगून गेला, सांगायचं नव्हतं तरी.

पद्मजाताईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग त्यांनी हात पुढे केला. "फोन द्या तुमचा. लावून द्या."

सरोजिनीने फोन उचलला आणि परक्या बाईचा आवाज ऐकून आधी घाबरली. याइले काय झालं, कोणत्या दवाखान्यात हायेत, असं विचारू लागली. पद्मजाताईंनी तिला शांत केलं, आपण कोण ते सांगितलं, देवताळे भाऊ इथेच समोर बसले आहेत, तब्येत ठीक आहे म्हणून सांगितलं. आणि मग जे होतं ते सांगितलं. त्यानंतर त्या फोन कानाला लावून गंगाधरकडे बघत बसल्या, आणि तिकडून जे येईल ते त्याच्यासाठी ओठांनी परत म्हणू लागल्या.

"गप्प आहेत," त्या म्हणाल्या. मग, "विचारताहेत, कधीपासून."

"तीन साल झाले असतीन," गंगाधर म्हणाला.

ते त्यांनी सांगितलं. पुन्हा ऐकलं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आपल्या तोंडून कशी म्हणावी, असं त्यांना झालं असावं. नजर थोडी बाजूला घेऊन, पण ओठ त्याला दिसतील असे ठेवून त्या म्हणाल्या, "त्या म्हणताहेत, होळीच्या दिवशी त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. मी आता येऊ, का अनूकडेच राहू आणखी. ती एकटी पडते म्हणून. राहू का इथंच, असं विचारलं. आणि तुम्ही हव म्हणालात. लगेच म्हणालात, म्हणे. जराही थांबला नाहीत."

होळीचा दिवस त्याला आठवला. खाली गल्लीत होळीची गाणी म्हणणाऱ्या फागवाल्यांचे नगाडे वाजत होते, खिडकी बंद करूनही कानात नुसता धडधडाट होता. फोनवर तिचा आवाज वर गेला, खाली आला, तिथे तो हव म्हणाला होता. मग ती थोडा वेळ बोललीच नाही. त्याला वाटलं, लाइन कटली.

"मले ऐकू नाई आलं होतं," तो म्हणाला. "तिले सांगा, मी तिचीच वाट पाहून राहिलो होतो. मी चुना मारून ठेवला होता."

पद्मजाताईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. चुन्यासकट. मग त्या फोन कानाशी धरून बसल्या. गंगाधर त्यांच्या ओठांकडे बघत राहिला, पण ते हलेनात.

"काय म्हणते?" त्याने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाल्या. "रडताहेत."

बाहेर दयारामचं मशीन सुरू झालं, एवढं मात्र त्याला ऐकू आलं.

संध्याकाळी सामान सायकल-रिक्षात टाकताना त्याने दयारामला म्हटलं, की तुला सांगायचं राहून गेलं. दयाराम पाइप गुंडाळत होता. तो त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि आपल्या छत्तीसगडीत म्हणाला, "मैं तो जानत रहेंव, भैया." मला माहीतच होतं. म्हणूनच तो कितीतरी दिवसांपासून हाक मारण्याऐवजी खांद्याला हात लावत होता. गंगाधरला ती त्याची सवय वाटली होती.

पुढचं सगळं हळूहळू आणि फार गाजावाजा न होता घडलं. पद्मजाताईंनी त्याला त्यांच्याच कॉलनीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि कानात घालायचं यंत्र दिलं. यंत्राने पंखा ऐकू आला, ताटातला चमचा ऐकू आला, रस्त्यावरचे सगळे हॉर्न एकदम ऐकू आले. माणसांचं बोलणं निम्मं आलं. पहिल्याच दिवशी त्याने घराच्या जुन्या दाराला कान लावून पाहिला. यंत्र लाकडाला घासलं आणि नुसतं कुईं झालं. त्याने परत तो प्रयत्न केला नाही.

भैय्यालालने त्याला घरं तपासायच्या कामावरून काढलं. ओरडला नाही. उलट दोन दिवस त्याच्याकडे बघायचंच टाळत होता. मग म्हणाला, शहराबाहेर सरकार वसवतंय त्या नव्या राजधानीत वसाहती उभ्या राहत आहेत, तिथे पायाभरणीच्या वेळी मातीला औषध द्यायचं मोठं काम मिळालंय, ते तुम्ही आणि दयाराम सांभाळा. तिथे ऐकायचं काही नसतं. हे शेवटचं तो बोलला नाही, पण दोघांनाही ते कळलं. ऑफिसात गिऱ्हाइकांना तो आता एका नव्या यंत्राबद्दल सांगू लागला. ते भिंतीला लावलं की आतली ओल आकड्यात दाखवायचं.

सरोजिनी दिवाळीनंतर आली. स्टेशनवर उतरली तेव्हा तिने आधी त्याच्या कानाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पहिले काही दिवस ती इतक्या मोठ्याने बोलायची, की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायची. ओरडू नको, नुसतं माझ्याकडे पाहून बोल, असं त्याने तिला समजावलं. तिला ते अवघड गेलं. तीस वर्षांच्या संसारात ती कधी त्याच्याकडे बघून बोलली नव्हती. चुलीकडे, मोरीकडे, वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून बोलायची, आणि तो खाटेवरून ऐकायचा. आता हातातलं काम टाकून तिला त्याच्यासमोर येऊन उभं राहावं लागे. मग कधी कधी काय सांगायचं होतं तेच ती विसरायची, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहायची.

पुण्याहून रोज संध्याकाळी फोन यायचा. ती फोन घेऊन जिन्यात जाऊन बसायची आणि तो दारातून बघायचा. नातवाचं कळलं की तिचा चेहरा वेगळा व्हायचा. कानांनी ऐकायचा तेव्हा त्याने तो असा कधी पाहिला नव्हता.

एका दुपारी ती दारात बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करताच काहीतरी बोलली, मग आठवण होऊन थांबली, सूप बाजूला ठेवून त्याच्या पुढ्यात येऊन बसली.

"सांगा," ती म्हणाली. "मी राहू, का जाऊ?"

या वेळी त्याला प्रत्येक शब्द कळला. त्याने घाई केली नाही. तीस वर्षांत त्याने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. जे हवं ते आपोआप ताटात येत होतं.

"राहा," तो म्हणाला.

तिने मान खाली घातली. परत वर केली तेव्हा ओठ त्याला दिसतील याची काळजी घेत म्हणाली, "पोट्टी एकटी पडन हो. तिले पुन्हा दिवस गेले हायेत. कालच सांगतलं तिनं." मग म्हणाली, "तुमीच चला ना पुण्याले."

तो एकदा जाऊन आला होता. अनुश्री आणि जावई भराभर बोलायचे, निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत. तो बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायचा. "पाहू," तो म्हणाला. "थोडं काम हाय अजून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याचा हात धरला, दिवसाढवळ्या, दार सताड उघडं असताना. आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

मार्गशीर्षात ती निघाली. पुण्याच्या गाडीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी हलता हलता तिने काचेआडून काही सांगितलं. त्याने कानामागे तळहात धरून, ऐकू आलं नाही अशी खूण केली. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, तोंड मोठं उघडून. लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला ती सांगत होती. त्याने मान हलवली. गाडी गेल्यावरही काही वेळ तो तिथेच उभा होता. मग बाकीचे लोक पुलाकडे निघाले तसा तोही निघाला.

पौषात नव्या राजधानीतलं काम जोरात सुरू झालं. शहराबाहेर, जिथे काल-परवापर्यंत धानाची शेतं होती, तिथे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी घरांच्या रांगा आखल्या जात होत्या. भिंती अजून नव्हत्या. पायाच्या विटा जमिनीवर घोट्याइतक्या आल्या होत्या, आणि त्यांच्यामधली माती ठोकून सपाट केली होती. गंगाधर आणि दयाराम एकेका खोलीतल्या मातीवर औषध सोडत पुढे जात. दुसऱ्या दिवशी मागून काँक्रीट येई आणि ते सगळं झाकून टाकी.

दुपारी दयाराम टँकरवरून पाणी आणायला गेला. वारा पडला होता, ऊन छान होतं. लांबवर क्रेन वळत होती आणि तिचा आवाज इथपर्यंत येत नव्हता. गंगाधरने यंत्र काढून खिशात ठेवलं, हात दोनदा साबणाने धुतले आणि डबा उघडायला जागा शोधू लागला. ज्या घरांना अजून औषध लावायचं होतं, त्यांतलं कोपऱ्यातलं एक त्याला बरं वाटलं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला येणार होती तिथे विटांचा एक ढीग होता, बसण्यासारखा.

तो त्या घराच्या बाजूलाच उभा होता. घोट्याएवढ्या विटा, एक पाय उचलला असता तर थेट आत गेला असता. पण तो वळसा घालून पुढच्या बाजूला गेला, दारासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेशी थांबला, चपलांचा चिखल तिथल्या विटेच्या कडेला पुसला, आणि दारातून आत शिरला. बैठकीच्या खोलीतून, मग मधल्या खोलीतून, त्यांच्या त्यांच्या दारांनी तो स्वयंपाकघरात पोचला आणि विटांच्या ढिगावर बसून त्याने डबा उघडला.